राजुरीची कोरडी होडी

आमच्या आप्पांना बैलातलं सगळं कळायचं. बेल्ह्याच्या बाजारात ते नुसते फिरत असले तरी दोघं-चौघं मागं लागायचे, "आप्पा, एवढे दात बघा की." अशा माणसानं होडी विकत घ्यायला निघावं आणि सोबत मला न्यावं, हे आमच्या घरातलं मोठंच धाडस होतं. मला पाणी माहीत ते बादलीतलं. डी.एड. नुकतंच झालं होतं, नोकरीचा पत्ता नव्हता, आणि घरात रिकामं बसलेलं माणूस आप्पांना बघवत नसे.

होडी हवी होती आईला. डिंभ्याचं पाणी अडायच्या आधी आमचं गाव आणि मावशीचं गाव यांच्या मधे फक्त घोडनदी होती, उन्हाळ्यात गुडघाभर. दर शनिवारी दोघी बहिणी धुणं घेऊन नदीवर यायच्या, आपापल्या काठाला बडवत बसायच्या आणि मग एका खडकावर भाकरी सोडायच्या. धरण भरलं, आमचं घर उतारावर वर सरकलं, मावशीचं पलीकडं वर सरकलं, आणि मधे नुसतं पाणी. एसटीनं जायचं तर आधी घोडेगाव गाठायचं, तिथून दुसरी गाडी, आणि गाडी सोडते तिथून पुढं चढ. मावशीचे गुडघे गेलेले, ती येऊ शकत नव्हती. आईला दुभत्या म्हशी टाकून दोन दिवस निघता येत नव्हतं. सहा वर्षांत दोघी भेटल्या त्या एकदाच, एका लग्नात, तेही गर्दीत.

त्या साली दिवाळीत आईनं आप्पांना सांगितलं, "संक्रांतीचं वाण मला माज्या हातानं बहिणीला द्यायचंय. कसं न्यायचं ते तुमी बघा." आप्पा म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही. पण या वेळी आई त्यांच्या समोरून हललीच नाही.

आमच्या काठाला तेव्हा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून मासे धरणारा एक जण होता, पण त्या तराफ्यावर आईला वाणासकट बसवणं म्हणजे खेळ झाला असता. सुताराकडून नवी होडी करून घेणं परवडणारं नव्हतं. एक खोंड विकून आलेले पैसे होते, तेवढ्यात बसेल अशी मासेमारीची जुनी लाकडी होडी शोधायची ठरली. आप्पा माळकरी. मासळीचा वास आला की रस्ता बदलणारे. आता तेच जुन्नर तालुक्यातल्या धरणाधरणावर चौकशी करत फिरू लागले, "काय राव, मासं धरायची व्हडी हाय का इकायला?" एम-एटीवर मागं बसून मी तोंडावर ओढणी घ्यायचे. वासासाठी नव्हे, हसू लपवायला.

पिंपळगाव जोग्याला बघितलेली होडी पत्र्याची निघाली, तळाला गंजून चाळण झालेली. दुसरी ओझरला. गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही येडगावच्या पाण्याकडं उतरलो, तर एक म्हातारा मासेमार काठाला बसून जाळं विणत होता. होडी कुठाय विचारलं तर त्यानं हनुवटीनं पाण्याकडं दाखवलं. काठापासून चार हातांवर काळ्या लाकडाचं टोक तेवढं वर दिसत होतं. बाकी होडी पाण्याखाली, आत दगड भरलेले.

"बुडाली व्हय?" आप्पांनी विचारलं.

"बुडाली न्हाई, बुडवून ठिवलीय," म्हातारा म्हणाला. "काम नसलं की आमी तशीच ठिवतो. काढून दावू का?"

आप्पांनी "नको, नको" म्हणत हात जोडले आणि गाडीला किक मारली. फाट्यापाशी मान मागं वळवून म्हणाले, "मेलेला बैल दावनीला बांधून इकतोय गडी." मलाही ते पटलं. इतकं पटलं, की घरी येऊन मी आईला म्हाताऱ्याची नक्कल करून दाखवली. आई हसली नाही. तिनं विचारलं, "मग आता?"

तिसरी होडी राजुरीत, पाण्यापासून लांब, एका बागायतदाराच्या गोठ्यात. हौसेनं घेतलेली, दोन वर्षं वापरून ठेवून दिलेली. विटांवर चढवलेली, निळा ऑइलपेंट मारलेला, आत कडब्याच्या पेंढ्या. आप्पांचा चेहरा उजळला. ते होडीभोवती एक फेरी मारून आले, बोटाच्या पेरांनी फळ्या वाजवल्या, खाली वाकून पोटाखाली बघितलं. फळी खणखणीत वाजत होती. "लई कोरडी ठिवलीय हो," ते म्हणाले, आणि बागायतदार खूश होऊन म्हणाला, "थेंब लागू दिला न्हाई पावणं, दोन वरसं."

पुढचा व्यवहार टॉवेलखाली झाला. बाजारात बैलाचा होतो तसा, एकमेकांची बोटं दाबून. मी आणि बागायतदाराची बायको चहाचे कप धरून नुसत्या टॉवेलाकडं बघत उभ्या. टॉवेल हलला, थांबला, पुन्हा हलला. शेवटी आप्पांनी तो झटकून खांद्यावर टाकला आणि होडी आमची झाली. नवी बैलजोडी घेतल्यासारखे ते ऐटीत होते.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत होडी आली. नारायणगावात सिग्नल नसलेल्या चौकातही लोक थांबून बघत होते. एकानं विचारलं, "पावणं, पूर येणार हाय का?" आप्पांनी हात उंचावून त्याला रामराम केला. घरी आल्यावर आईनं राखेनं आणि चिंचेनं होडी आतून घासून काढली, नाकाला पदर लावून. ती घासताना गाणं गुणगुणत होती. मी तिला तसं बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

कंडक्टरच्या हाती मावशीला निरोप गेला. संक्रांतीला सकाळी आई हिरवं लुगडं नेसली, वाणाचं सूप पदराखाली घेतलं. नारळ फुटला. निम्मं गाव काठाला. पलीकडच्या काठावर लाल ठिपका दिसत होता, ती मावशी. तराफेवाल्यानं वल्हं धरलं, आप्पा पुढं, आई आणि मी मधे. वीसेक हात गेलो असू, तेव्हा माझे तळवे गार पडले. मग घोटे. पाणी एका भोकातून येत नव्हतं, सगळ्या सांध्यांतून एकदम येत होतं. कंबरभर पाण्यातच होतो म्हणून निभावलं. होडी रागीट म्हशीसारखी सावकाश खाली बसली. तिळगूळ विरघळला. काठावरून एक जण म्हणाला, "आप्पा, दात बघितले व्हते ना?"

आई ओल्या लुगड्यानं चढून घरी गेली. लाल ठिपका दुपारपर्यंत तिथंच होता, आणि मला आप्पांचा इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांना ताट वाढलं ते आपटूनच.

होडी तशीच बुडून पडली. लाजेनं आप्पा तिकडं फिरकेनात. आठ-दहा दिवसांनी ते म्हणाले, "चल, वढून काढू. सरपनाला तरी येईल." दोघांनी ती काठाशी उथळ पाण्यात ओढली आणि बादल्यांनी आतलं पाणी उपसलं. उपसता उपसता आप्पांचा हात थांबला. तळ दिसत होता आणि पाणी पुन्हा येत नव्हतं. फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडल्या होत्या. उन्हाळ्यात गाडीचं चाक सुकून त्याची लोखंडी धाव सैल झाली की आप्पाच ते चाक डोहात टाकून ठेवायचे. जन्मभर केलेलं काम, आणि होडीसमोर ते आठवलं नव्हतं. आप्पा होडीतच बसले. म्हणाले, "त्यो ओझरचा म्हातारा खरा व्हता गं."

संक्रांतीचं वाण रथसप्तमीपर्यंत देता येतं, हे माझ्या लक्षात होतं. आई मात्र ऐकेना. "त्यात मी बसायची न्हाई," एवढंच म्हणायची. शेवटी आप्पा चुलीपाशी जाऊन उभे राहिले. "माजं चुकलं," ते म्हणाले. मी ते वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं आणि बहुतेक आईनंही, कारण तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली.

पुन्हा कंडक्टरच्या हाती निरोप गेला आणि रथसप्तमीला आम्ही तिघंच पलीकडं गेलो. वल्हं मी मारलं. तराफेवाल्यानं चार दिवसांत शिकवलं होतं. आई उतरली, मावशीनं तिचा हात धरला, आणि दोघी खाली दगडावर बसल्या. वाणाचं सूप बाजूला तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं आईनं मान वर न करता सांगितलं, "तुमी जावा. मी ऱ्हाते."

निम्म्या पाण्यात आलो तेव्हा आप्पा म्हणाले, "सा वरसं ही कदी बोलली न्हाई."

"रोज बोलत व्हती," मी म्हणाले. "तुमी ऐकत नव्हता."

त्यांनी वळून मागच्या काठाकडं बघितलं. मग म्हणाले, "वळव." मी होडी वळवली. काठाला टेकायच्या आधीच त्यांनी ओरडून आईला सांगितलं, "किती दिवस ऱ्हायचं तेवढं ऱ्हा. म्हशींचं मी बघतो."

आईनं डोळ्यांवर हात धरून त्यांच्याकडं बघितलं. "त्ये मी ठरिवलंच हाय," ती म्हणाली, आणि पुन्हा मावशीकडं तोंड करून बसली.