ढेकूळ विरघळायची वाट

माझं माहेर हिवरखेडकडचं, संत्र्याच्या बागांचं. तिथे विहिरीला पाणी लागलं की पेढे वाटतात. लग्न होऊन पूर्णेच्या बाजूला, जमिनीखाली खारं पाणी असलेल्या खारपाणपट्ट्यात आले, तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले होते, "आपल्या वावराले खालचं पाणी दाखवू नोको, पोरी. वरून पडते तेवढंच आपलं." मी मनात हसले. म्हातारा पाण्यालाही भितो!

नवऱ्याच्या मागे लागून बोअर पाडून घेतला. पाणी मचूळच होतं, पण हरभरा असा तरारला की मामाजी गावभर सांगत सुटले, सुनेनं पाणी आणलं. मग मीही हरभऱ्याच्या झाडावर चढलेच, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षीही तेच पाणी दिलं.

यंदा पावसाळ्यात मात्र वेगळंच झालं. त्या वावरात पाऊस मुरेना, नुसता साचून राही. ऊन पडलं की वर कडक पापडी धरे, आणि कपाशीचे कोंब तिच्याखालीच मेले. कृषी सहायक म्हणाला, खाऱ्या पाण्यानं जमीन चोपण, म्हणजे चिकट नि घट्ट, झाली असेल, घरीच पाहा. दोन ग्लासांत पावसाचं पाणी घ्या. एकात बोअरचं पाणी दिलेल्या वावराचं वाळलेलं ढेकूळ सोडा, दुसऱ्यात न दिलेल्या वावराचं. हलवू नका. ज्यातलं पाणी गढूळ होईल, ती माती बिघडली.

सकाळी ग्लास ओट्यावर ठेवले. भाकरी थापताना माझी नजर तिकडेच. दुपारी धुऱ्यापलीकडच्या, शेजाऱ्याच्या वावरातल्या मातीचं पाणी नितळ होतं. आमच्या वावराचं चहासारखं. मी केलं होतं हे, माझ्या हट्टानं.

चहाला मामाजी आत आले. त्यांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. भांडं पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस, वाकून दोन्ही ग्लास बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "शेजारच्यानं बोअर पाडला ना. उद्या मोटर चालू करून राह्यला तो."

"मग आजच सांगा ना त्यांना!"

"काय सांगू? मीच नेलं होतं त्याले, आपला हरभरा दाखवाले." त्यांनी चहाला हातही लावला नव्हता. "तू चाल संगं. मले एकट्याले नाही होत."