दिवस मावळल्यावरचं काम

मोगऱ्याला आळं करावं, एवढाच बंडू देवस्थळींचा साधा, निवृत्त विचार होता. कुदळ मातीत बसली आणि बागेतल्या दिव्यांसाठी सकाळीच पुरलेली वायर जागच्या जागी दोन झाली. नेरुळच्या त्या रो-हाऊसमागच्या चटईएवढ्या बागेत दुसरीकडे कुठेही खणलं असतं तरी चाललं असतं. पण नोकरीतही बंडूंच्या हाती नेमकी नको तीच फाईल लागायची.

दिवे बसवायला आलेला सिताराम शिडीवरून उतरला, वायरीची दोन्ही टोकं बघितली आणि ओरडला नाही. तेच बंडूंना जास्त लागलं.

"साहेब, मोगरा काय पळून चालला व्हता?"

सिताराम मूळचा साताऱ्याकडचा, राहायला शिरवण्यात. पूर्वी कंपनीत वायरमन होता. कंपनी बंद पडली, तेव्हा कुणीतरी त्याच्याकडून बागेत दिवे लावून घेतले आणि मग तेच कपाळी आलं. या धंद्याची खोड अशी, की खड्डे, वायरी, जोडण्या दिवसा होतात. पण दिव्यांची तोंडं वळवायची ती अंधार पडल्यावरच. उजेड कुठे पडतो ते भर दिवसा कसं कळणार? त्यामुळे सगळी नवी मुंबई घराकडे निघते तेव्हा सिताराम लोकांच्या बागेत पोटावर पडून नारळाच्या बुंध्याकडे दिवा वळवत असतो. शेवटी मालकाच्या खुर्चीत एकदा बसतो, दिवा डोळ्यांत घुसत नाही ना हे बघायला. दिवसभरातलं त्याचं बसणं तेवढंच.

आज मात्र त्याला लवकर सुटायचं होतं. त्याची आई, राजाबाई, आठवडाभर राहून आज गावी परतत होती. तिच्याजवळ बसणं काही झालं नव्हतं. निदान उरण फाट्यावर गाडीची वाट बघताना होईल, म्हणून तिला गाडीत बसवून द्यायचं त्यानं कबूल केलं होतं. अंधार पडताच तोंडं वळवायची आणि सुटायचं, असा बेत होता. आता पुन्हा खणणं आलं, जोडणी आली.

"उद्या संध्याकाळी करू का?" त्यानं विचारलं.

'जा बाबा' हे शब्द बंडूंच्या अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी अरुणाताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या, "लागले का हो दिवे? उद्या भिशीवाल्या यायच्यात. सगळ्यांना सांगून बसलेय मी."

"बघा, आजच जमलं तर…" बंडू मोगऱ्याकडे बघत म्हणाले.

सितारामनं बायकोला फोन लावला. "शालन, तूच बसवून दे आईला. न्हाई जमत." मग आई फोनवर आली असावी. तो बराच वेळ नुसता "हं, हं" करत राहिला, आणि फोन ठेवून गुडघ्यावर हात देत खाली बसला.

दिवे लागले. नारळ उजळला, तुळस उजळली, बंडूंनी उकरलेला खड्डाही उजळला. सिताराम खुर्चीत बसून बघत होता. या वेळी जरा जास्तच वेळ बसला. बंडूंनी स्वतः चहा आणून दिला.

"पुढच्या खेपेला आईंना इकडे घेऊनच या, संध्याकाळचं. बघू देत की लेकाचं काम."

सितारामनं कप खाली ठेवला, पिशवी खांद्याला लावली.

"ती दिवेलागणीलाच झोपते, साहेब."