न चावणारे बूट

आमच्या घरात बूट आले ते एका माणसाला फुरसं चावलं म्हणून. माझे मालक वेल्ह्याच्या बाजूला जंगल खात्यात गार्ड होते. त्यांच्याच जोडीचा दुसरा गार्ड भातकाढणीच्या दिवसांत तोरण्याखालच्या रानात फिरत होता. पाल्यात बसलेलं फुरसं त्याला दिसलं नाही. पायात साध्या वहाणा होत्या, घोटा उघडा. झोळीत घालून त्याला खाली आणलं तेव्हा त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. आमच्याच अंगणात त्याला टेकवला, मी पाणी पाजलं, ते लाल होऊन बाहेर आलं. तो जगला नाही.

त्याचं दिवसपाणी झाल्यावर वरच्या साहेबांनी सगळ्या गार्डांना बोलावून सांगितलं, "उद्यापासनं रानात वहाणा बंद. घोट्याच्या वर येईल असा बूट ज्यानं त्यानं घ्यायचा."

खरं तर त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात आमच्या घरात एक गोष्ट घडून गेली होती. हे एका संध्याकाळी रानातून आले ते एकाच पायात वहाण घालून. दुसरा पाय चिखलानं माखलेला, उघडा. मी विचारलं, "दुसरी वहाण कुठं?" यांनी खाली बघितलं आणि तेच चमकले. "आँ? आत्ता तर व्हती." सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "आता धोतर तेवढं टाकून येऊ नगंस." मीही हसले. दुसऱ्या दिवशी ती वहाण सापडली ती पार ओढ्याच्या पलीकडं. तिथून घरापर्यंतची वाट सगळी काट्याकुट्यांची होती.

बूट घ्यायला आम्ही भोरला गेलो. माझं माहेर भोरजवळच्या उत्रोलीचं, त्यामुळं मुलीला आजीकडं ठेवून दोघांनी बाजार करावा असं ठरलं. नसरापूरपर्यंत बैलगाडी आणि पुढं सर्व्हिस मोटार. लढाई चालू होती, पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायची. पोचेपर्यंत उन्हं कलली होती.

बुटांचं दुकान एका वयस्क मुसलमान गृहस्थांचं होतं. सगळं भोर त्यांना चाचा म्हणायचं. चाचा म्हणाले, "बरं झालं ह्या वक्ताला आलात. दिसभर चालून पाय फुगतो. सकाळच्या पायाला बसल्याला बूट सांजच्याला चावतो." त्यांनी एक जाड मोजा यांच्या हातात दिला आणि तीन जोड पुढं मांडले. एक कॅनव्हासचा, हलका. पण करवंदीचा काटा त्यातनं आरपार जाईल म्हणून त्यांनीच तो परत फळीवर ठेवला. दुसरा पुण्याहून आलेला, तपकिरी, आरशासारखा चकचकीत. यांना तो आवडला होता. चाचांनी त्याचा तळ वाकवून दाखवला. "ह्यो चिकटीवलेला हाय. पैल्या पावसात त्वांड उघडंल." तिसरा लष्करी थाटाचा, काळा, उंच, दुहेरी तळाचा. त्याची शिवण जाड दोऱ्याची आणि टाचेला लोखंडी नाल.

"ह्यो घ्या," चाचा म्हणाले. "धा वरसं मरायचा न्हाई. पर कातडं टणक हाय. पैल्यांदा चावणार, आदीच सांगतो. एरंडेल चोळा, रोज थोडं थोडं घाला, मग पायागत हुतो."

यांनी तो घातला, नाड्या बांधल्या आणि दुकानासमोरच्या फरशीवर दोन येरझारा घातल्या.

"कसा वाटतोय?"

"झ्याक."

चाचा उकिडवे बसले आणि बुटाच्या टोकावर अंगठ्यानं दाबून बघू लागले. त्यांनी पुन्हा दाबलं. "पाव्हणं, तुमचा अंगठा तर आत दुमाडलाय. दुखत न्हाई?"

"न्हाई बा."

"चाला बरं परत."

हे चालले. चेहऱ्यावर काही नाही. चाचांनी बूट काढायला लावला, मोजा उतरवला. बोटं एकमेकांवर चढून पांढरी पडली होती. त्यांनी फळीवरून मोठ्या मापाचा बूट काढला. मग म्हणाले, "बुटाचं माप दुकानदार सांगत नस्तो, पायच सांगतो. तुमचा पाय काय बोलतच न्हाई की."

बोलणं सहजच होतं. पण बूट बांधून देताना त्यांनी एकदा यांच्या पायाकडं आणि एकदा माझ्याकडं बघितलं, ते मला आवडलं नाही.

रात्री जेवताना माझ्या वडिलांना ही हकीकत सांगितली तर ते कौतुकानं म्हणाले, "जावई सोशीक हायेत." मला अभिमान वाटला.

मेलेल्या गार्डाच्या जागी नवा माणूस आला होता, त्यानंही त्याच आठवड्यात तसाच जोड घेतला. तो आठवडाभर लंगडत होता. टाचेवर फोड, फोडावर कापूस, वर चिंधी. आमच्या ओट्यावर बसून तो बुटाला शिव्या घालायचा आणि हे हसायचे. "माजं बग. पैल्या दिसापासनं लोण्यावानी हायेत." तो नवल करायचा. म्हणायचा, "तुमचं नशीब थोर. आमच्या पायाला लई नखरं."

थंडी पडली. बूट खरंच चांगले होते. करवंदीच्या जाळीतनं गेले तरी ओरखडा नाही, दव लागलं तरी आत ओल नाही. रोज सकाळी हे नाल वाजवत उतरणीला लागले की तो आवाज वळणापर्यंत ऐकू यायचा. त्याच सुमारास आमचं कुत्रं विचित्र वागायला लागलं. हे बूट काढून ओट्याखाली ठेवायचे, तर कुत्रं येऊन त्यात तोंड घालायचं, चाटायचं, आणि मी हाकललं की गुरगुरायचं. माझ्या हातची भाकरी खाणारं कुत्रं, त्या बुटांपाशी मला ओळख देईना. मग मुंग्या लागल्या. नव्या कातड्याला एरंडेलाचा वास, म्हणून येत असतील असं मी धरून चालले.

एका रविवारी दुपारी हे पडवीत बसले होते, आणि मी बुटांना तेल लावायला घेतलं. आतून पुसावं म्हणून उजव्या बुटात हात घातला तर आत ओलसर, चिकट लागलं. टाचेपाशी बोट नेलं आणि काहीतरी कचकन टोचलं. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. हात बाहेर काढला तर बोटावर माझं ताजं रक्त होतं, आणि त्याखाली काळपट, जुनं.

नालेचा एक खिळा तळातून आत आला होता.

"अवो, पाय दावा."

"काय झालं?"

"आदी पाय दावा."

यांनी पाय पुढं केला. टाचेला खोल भोक पडलं होतं, कडा पांढऱ्या, आत काळं. वास येत होता. मी विचारलं, "किती दिस झालं ह्याला?" हे त्या पायाकडं असे बघत होते की जणू कुणा दुसऱ्याचा पाय कुणीतरी आणून त्यांच्यापुढं ठेवला आहे. म्हणाले, "मला काय ठावं?"

मी काटा काढायची सुई आणली. जखमेच्या बाजूला काहीतरी अडकलेलं दिसत होतं ते काढायला लागले. सुई निसटून हवी त्यापेक्षा आत गेली, चांगली आत. मी दचकून वर बघितलं. हे अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "लावतीयास का न्हाई सुई?"

त्यांच्या पोटरीवर एक फिकट चट्टा होता, कितीतरी दिवस. उन्हानं झालाय म्हणून आम्ही सोडून दिलेला. तिथं मी सुईचं टोक लावलं. यांना ते कळलंही नाही.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, आणि मग टेबलाच्या खणातून कोंबडीचं एक पीस काढलं. यांना डोळे मिटायला सांगितलं. "लागलं की बोट वर करा." पीस दंडावर फिरलं, बोट वर झालं. गुडघ्यावर फिरलं, बोट वर झालं. चट्ट्यावर फिरलं. बोट मांडीवर तसंच. पावलावर फिरलं, एकदा, दोनदा. बोट तसंच. डोळे मिटून हे वाट बघत होते. डॉक्टरांनी पीस खाली ठेवल्यावरही ते डोळे मिटूनच बसले होते. त्यांना वाटलं, अजून सुरुवात व्हायचीय.

डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि हलक्या आवाजात नाव सांगितलं. महारोग. औषध आहे म्हणाले, लांबच्या इस्पितळात राहावं लागेल. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही बसा. आणि मुलीलाही आत आणा." मला सगळीकडं पीस कळलं. मुलीला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली, आणि त्या खोलीत तिचं हसणं ऐकताना मी भिंतीला धरून उभी राहिले.

गावात मी कुणाला सांगितलं नाही. यांनीही नाही. तरी आठवड्याच्या आत नवा गार्ड आमच्या ओट्यावर बसायचा बंद झाला. पाणी विचारलं तर "आत्ताच प्यालो वैनी" म्हणून पुढं जायचा. पाणवठ्यावर मी गेले की बायका हंडे उचलून घ्यायच्या, भरलेले नसले तरी. सासूबाईंनी काही न बोलता यांचं ताट फळीवरून काढून कोनाड्यात ठेवलं.

एका सकाळी हे खिळा काढून घेतलेले बूट घालून नेहमीसारखे निघाले, पण वळणावर रानाकडं न जाता कड्याच्या वाटेला लागले. नालेचा आवाज भलत्या बाजूनं येतोय हे मला चुलीपाशी ऐकू आलं. मी हातातलं पीठ न धुताच धावले. कड्याच्या टोकाला हे बसले होते, पाय खाली सोडून. बूट बाजूला काढून ठेवलेले, नीट जोडून, देवळाबाहेर ठेवतो तसे. खाली दरीत घारी फिरत होत्या.

जवळ जायची मला भीती वाटली. लांबूनच म्हणाले, "बूट घाला."

"कशाला?"

"उद्या निगायचंय. म्या संगं येनार हाय."

"पोर?"

"उत्रोलीला."

यांनी खाली दरीकडं बघितलं. मग विचारलं, "तुला भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतं," मी म्हणाले. "पर तुमी तितनं हला आदी."

हे मागं सरकले. बूट घालताना नाड्या त्यांना बांधता येईनात. मी बसून बांधल्या. उठल्यावर पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवून, दिवसाउजेडी, गावातून चालत घरी आले.

इस्पितळात वर्षावर वर्ष गेलं. मी बाहेरच्या चाळीत राहून दळणं दळली. डॉक्टर कडू कवठाच्या तेलाच्या सुया यांच्या दंडात द्यायचे, गाठी यायच्या, ताप यायचा. एकदा भेटीला गेले तर हे दंड धरून बसले होते, कपाळावर घाम. मला बघून म्हणाले, "लई दुकतंय गं." आणि हसले. कुठंतरी दुखतं आहे याचंच त्यांना सुख होतं.

रोग थांबला. पायाची दोन बोटं गेली, पायाला जाणीव परत आली नाही ती नाहीच. साहेब भला माणूस निघाला. रानात फिरायचं काम काढून त्यानं यांना लाकडाच्या वखारीवर बसवलं. बूट रोज घालावेच लागत. घालायच्या आधी मी आत हात घालून कोपरा न् कोपरा चाचपून बघत असे.

सासूबाईंनी कोनाड्यातलं ताट शेवटपर्यंत कोनाड्यातच ठेवलं. पण ते त्या स्वतः घासायच्या, राख लावून, चकचकीत. मला हात लावू द्यायच्या नाहीत. भीतीनं की मायेनं, मी विचारलं नाही.

भीती माझ्यापुरती संपली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा रोग अंगात शिरल्यावर कितीतरी वर्षं गप्प बसून राहतो. मुलगी न्हायला बसली की मी तिची पाठ, दंड, पोटऱ्या निरखत असे. उन्हानं कुठं एखादा डाग पडलेला दिसला की पाण्याचा तांब्या माझ्या हातात तसाच राही.

"काय गं आई?" ती विचारी.

"काय न्हाई," म्हणून मी तिथं नखानं हळूच खरवडून बघे, आणि ती "आई गं" म्हणेपर्यंत श्वास धरून थांबे.