गाऱ्हाण्यातला जबाब

वकील गेला की किस्से मागे उरतात. आमचे थोरले भाऊ, नाना, मालवणच्या कोर्टात वकील. मी त्यांचा कारकून. एका मंगळवारी मी आचऱ्याच्या भागीरथीकाकूंच्या अपिलाचे कागद लावत बसलो होतो. पोस्टमनने तार दिली. नाना मुंबईच्या इस्पितळात वारले होते.

भागीरथीकाकू विधवा. शेजारच्या वामनने दगडी गडगा घालून त्यांची विहिरीची वाट बंद केली. घागर घेऊन त्या अर्धा मैल वळसा घालायच्या.

समोरचे वकील म्हणाले, “बाईंना अक्षरओळख नाही.” नाना म्हणाले, “पण वाट ओळखतात. तुमच्या अशिलाचं उलट आहे.”

वामनने शपथेवर सांगितलं, गडगा बापजाद्यांचा. नानांनी विचारलं, “मग त्यावर शेवाळ कसं नाही?”

“आमी तो रोज पुसतंव.”

“साहेब, लिहून घ्या. गडगा रोज पुसतात!”

कोर्ट हसलं. केस आमचीच होती.

मग आमचा साक्षीदार उभा राहिला, म्हातारा शाणू गावकार. देवळात देवापुढे मागणं मांडत गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक ओळीला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यात शाणूचा आवाज पहिला. समोरचे वकील इकडचेच, त्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी हात जोडले, अगदी गाऱ्हाण्याचा सूर लावला. “वाट वामनाची आसा, ही बाय नुसती शेजारधर्मान जाय-येय, म्हाराजा...”

“व्हय म्हाराजा!” शाणू म्हणाला.

नाना ताडकन उठले. “साहेब, हा जबाब नाही, सवय आहे.”

न्यायाधीश घाटावरचे. म्हणाले, “सवय लिहायला रकाना नाही.”

बाहेर आल्यावर शाणू रडवेला झाला. “नानानू, गाऱ्हान्याक नाय कसा म्हणतलंय?”

निकाल विरुद्ध गेला. कोर्टात असल्या युक्तीला हुशारी म्हणतात. माझ्याकडे दुसरा शब्द आहे, तो इथे लिहीत नाही. नानांनी आजारपणातच रत्नागिरीच्या अपिलाचा मसुदा तयार केला. दाखल करायला थोडेच दिवस उरले होते, तेवढ्यात ती तार आली.

वकिलांनी शोकसभा घेतली. तेच समोरचे वकील बोलायला उठले. हात जोडलेले, सूर तोच. “नाना मोठ्या मनाचे. तो निकालसुद्धा त्यांनी मनापासून मान्य केला होता, महाराजा...”

मी मान खाली घातली. दारात शाणू उभा होता.

“नाय म्हाराजा,” तो म्हणाला.

सभा तिथेच संपली. मी सुतकात होतो, दुसऱ्या वकिलाकडे गेलो नाही. मुदत टळली. अपील दाखल करायचं राहिलं.