क्लाउडचं बिल कोयत्यात मोजलं तेव्हा

माझी नोकरी काय आहे हे गावात तीनदा समजावून सांगितलं आणि तिन्ही वेळा माझंच डोकं फिरलं. आता कुणी विचारलं की मी म्हणतो, "कॉम्प्युटरचं भाडं बघतो." खोटं नाही ते. पुण्यातली आमची कंपनी स्वतःचे मोठे कॉम्प्युटर ठेवत नाही, दुसऱ्यांचे भाड्यानं घेते. त्यालाच क्लाउड म्हणायचं. भाडं किती झालं, कशानं झालं, कुणामुळं झालं हे शोधायचं, एवढंच माझं काम. मांजरसुंब्याच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला पाठ लावून मी हे काम करतो, कारण खाली नेट येत नाही. कपिलधारला यात्रा भरली की वरही येत नाही.

आता भाडं एकाच मालकाचं असतं तर काय पाहिजे होतं! पण आमच्या कंपनीनं मधल्या काळात दोन छोट्या कंपन्या विकत घेतल्या, आणि सुनांनी माहेरची भांडी आणावीत तसा दोघींनी आपापला क्लाउड आणला. झाले तीन. एक जण सेकंदावर भाडं लावतो. दुसरा तासावर लावतो आणि महिना संपल्यावर मनात येईल तशी सूट देतो. तिसऱ्यानं स्वतःचंच एक माप काढलंय, ते त्याच्या माणसांनाही सांगता येत नाही. मी फोन करून विचारलंय. एकाच प्रकारच्या मशीनला तिघांची तीन नावं. बिलाच्या ओळी एवढ्या की फाइल उघडेपर्यंत माझा चहा गार होतो.

एका सोमवारी मॅनेजर मॅडमचा फोन आला. "पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं, असं वरून आलंय. तिन्ही बिलं एका कागदावर, एका मापात, शुक्रवारपर्यंत दाखव. मग तुझ्यासाठी शब्द टाकते. नाहीतर बॅग भर."

मी हबकलो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, माझं लग्न झालेलं नव्हतं, घरात मी आणि माझे वडील, आबा, दोघंच. आबांना लगेच जाऊन विचारलं, तसं झालंच तर पुण्याला याल का?

"मेलो तरी येणार न्हाई," आबा म्हणाले. "तू जा. माझं मी बघतो."

त्यांचं ते काय बघतात हे मला चांगलं ठाऊक होतं. मागं एकदा मी चार दिवस पुण्याला गेलतो, तर चारी दिवस दूध-भाकरीवर राहिले आणि वर मलाच सांगितलं, लई मजा आली. अशा माणसाला एकटं टाकून मी जाऊ कुठं? म्हणजे शुक्रवारचा तो कागद झालाच पाहिजे होता.

मंगळवारी दिवसभर मी सेकंदांचे तास करत बसलो आणि संध्याकाळी उत्तर असं आलं की आमची कंपनी दिवसाचे एकतीस तास चालते. लॅपटॉप आपटणार होतो, पण तो कंपनीचा. मी नुसतीच टाकीला लाथ मारली. पाय सुजला.

आवाज ऐकून आबा वर आले. आबा तीस वर्षं ऊसतोडीचे मुकादम होते. तीन-तीन साखर कारखान्यांवर टोळ्या घेऊन जायचे. मी चिडून त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कावून ताप करून घेतो? आमच्याकडं तरी काय येगळं होतं? एक कारखाना टनावर, एक गाडीच्या खेपंवर. तिसऱ्याचा काटा तर त्याच्या मनावर. मी समद्यांचं कोयत्यात आणायचो. एका कोयत्यानं दिवसाला किती तोडलं, एवढंच बघायचं. कारखाना कोणताबी असू दे."

कोयता म्हणजे आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघांचा मिळून एक कोयता. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. "आता घरात तू अर्धा, मी अर्धा," असं आबा मला आईच्या माघारी एकदा म्हणाले होते.

त्यांचं म्हणणं माझ्या टाळक्यात बसलं. एक मध्यम मशीन, एक पूर्ण दिवस चाललं, की झालं एक माप. तिन्ही बिलं त्यावर आणायची. मी रकाना केला आणि आपलं घरच्या घरी म्हणून त्याच्या डोक्यावर लिहिलं, कोयता. बुधवारी सकाळी सगळं पटापट जुळलं. त्या आनंदात कच्चा कागद मॅडमला पाठवून दिला, आणि तो रकाना तसाच राहिला.

बोंबला! मला वाटलं, आता माझी शोभा होणार. पण मोठ्या कंपनीत न कळलेली गोष्ट कुणी विचारत नाही. मॅडमनी तो कागद वर पाठवला, वरच्यांनी सगळ्या टीमना पाठवला, आणि दुपारच्या मीटिंगमध्ये इस्त्रीचा शर्ट घातलेला एक साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आपली पेमेंट टीम चाळीस कोयते खाते. हे आपल्याला तीसवर आणावं लागेल." कुणी हसलं नाही. एकीनं विचारलं, अर्धा कोयता मिळतो का? मी माइक बंद केला आणि टाकीमागं जाऊन पोट धरून हसलो.

पण खरी आफत त्याच कागदात निघाली. निम्म्या कोयत्यांना धनीच नव्हता. मशीन कुणी सुरू केलं त्याचं नाव चिकटवायचं असतं; ते चिकटवलेलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मालक लाव, मग कागद पूर्ण." मी सगळ्यांना तीन मेल टाकले. एकाचंही उत्तर नाही. जणू ती मशिनं आपोआपच उगवली होती.

जेवताना आबांना हे सांगितलं. त्यांनी भाकरी मोडत मोडत विचारलं, "मोकाट जनावराचं गावात काय करतेत?"

"कोंडवाड्यात घालतात."

"मग घाल की. धनी बोंबलत येतो का न्हाई बघ."

तसंही गुरुवार सकाळपर्यंत नाव लावा, नाहीतर बंद करीन, असं मेलमध्ये लिहिलं होतंच, आणि बंद केलेलं मशीन परत चालू करता येतं. गुरुवारी सकाळी नाव नसलेलं एकूण एक मशीन मी बंद केलं. दहा मिनिटांत फोन सुरू झाले. काय ते धनी, अहाहा! तीन मेलांना न हललेली माणसं आता रडकुंडीला आली होती. एक जण मांडवातून बोलत होता, मागं सनई वाजत होती. एकाला त्याचं मशीन आहे हेच माहीत नव्हतं, पण बंद झालं म्हटल्यावर ते त्याला जिवापेक्षा प्यारं झालं. मी प्रत्येकाला एकच सांगत होतो: नाव चिकटव आणि घेऊन जा. संध्याकाळपर्यंत कोंडवाडा रिकामा झाला. फक्त एक मशीन उरलं. सगळ्यांत मोठं, रोजचे नऊ कोयते खाणारं, आणि काहीही न करणारं. त्याच्यासाठी कुणीच आलं नाही.

म्हटलं, हा कोण उंडगा मालक आहे बघू तरी. जुन्या नोंदी उकरत गेलो. तीन वर्षांपूर्वी ते सुरू झालेलं होतं, आणि सुरू करणाऱ्याचं लॉगिन मी तीनदा वाचलं. ते माझंच होतं. नोकरीला लागलो त्या पहिल्या महिन्यात, शिकायचं म्हणून, यादीत वर दिसलं ते मशीन मी चालू केलं होतं आणि जेवायला गेलो होतो.

पुसून टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं. उद्या सकाळी कागद, मग मॅडमचा शब्द, मग मी इथंच गावात. उलट कबूल केलं, तर कोंडवाड्याच्या राखणदाराचाच बैल मोकाट! कोण ठेवेल असल्याला घरी बसवून? मी खाली आलो आणि आबांना म्हटलं, "लई वंगाळ झालं." त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या टोळीत माझा मेव्हणा होता," ते म्हणाले. "कामाला दांडी मारायचा. समद्यात आधी खाडा मी त्याचा लावायचो. तुझी आई दोन दिस बोलायची न्हाई. पण बाकीच्यांनी मला मानलं ते त्याच्यामुळंच."

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये पंचवीस-तीस चेहरे होते. मी कागद दाखवला आणि शेवटच्या ओळीवर आलो. "हे सगळ्यांत मोठं मोकाट मशीन माझं आहे," मी म्हटलं. "तीन वर्षं चालू होतं. मी विसरलो."

मला वाटलं, नेट गेलं. मग इस्त्रीवाले साहेब खाकरले आणि म्हणाले, त्यांचीही दोन होती, काल त्यांनी हाताखालच्या माणसाकडून गुपचूप सोडवून घेतली. मग एक बाई म्हणाल्या, माझं एक. मग जो तो बोलायला लागला. मॅडमचं स्वतःचं एक निघालं. एक जण तर क्लाउड सोडून ऑफिसच्या फ्रिजमधल्या कुणाच्या तरी डब्याबद्दल बोलून मोकळा झाला. तासभर हेच चाललं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "तू तिकडंच राहा. इथं बसलास तर हे लोक तुला रोज चहा पाजतील आणि आपापली मशिनं सोडवून घेतील. मी वर बोलते."

मी गच्चीवरून अक्षरशः उड्या मारत खाली आलो. "आबा! आबा!" घरात कुणी नाही. सकाळी मीटिंगच्या गडबडीत ते म्हणाले होते, बीडला जाऊन येतो, जरा काम हाय. दुपारी दोनला आले, घामाघूम, हातात कापडी पिशवी.

"आबा, न्हाई जायचं! इथंच राहायचं ठरलं!"

ते ओट्यावर बसले. पाणी प्यायले. "बरं झालं," म्हणाले. पण चेहरा कसनुसा केला.

"पिशवीत काय हाय?"

ते देईनात. मी ओढून घेतली. आत पँट होती. राखाडी, नवी, शिंप्याच्या खडूच्या खुणा अजून तशाच. आबांनी जन्मात धोतराशिवाय काही नेसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ही कुणाची?"

"माझीच." आबा दुसरीकडं बघत होते. "सोमवारीच माप देऊन आलतो. पुण्यात तुझ्याबरुबर धोतरावर कसा हिंडणार? तुझी मानसं हसतील."

"तुमी तर मेलो तरी येणार न्हाई म्हनला होता!"

"तुला म्हनलो होतो," आबा म्हणाले. "शिंप्याला न्हाई."