कडबाकुट्टीत गेलेली बोटं

आमच्या घरी कडबाकुट्टी आली तेव्हा माझा नवरा मंचरच्या दवाखान्यात होता. उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेली होती आणि तिसरं अर्धं. मी सकाळी डबा न्यायला महाळुंग्याला आले, तर गोठ्यासमोर टेम्पो उभा. दोन माणसं मोठ्या चाकाचं, कडबा तोडायचं लोखंडी यंत्र खाली उतरवत होती आणि सासूबाई त्यांना जागा दाखवत होत्या.

"हे कुणी मागवलं?" मी विचारलं.

"कंपनीनं पाठवलंया," त्यातला एक म्हणाला. मान वर न करता.

मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी गोरगरिबांना कडबाकुट्ट्या कशाला वाटेल? दुसऱ्या कुणाला नसतं कळलं. मला कळलं, कारण आदल्या दिवशी दवाखान्यातला कागद मी वाचला होता.

मी राजुरीची. बारावी होऊन, नव्वदच्या दशकात लग्न करून महाळुंगे पडवळला आले. नवरा दहावी पास. घरचं रान दोन भावांत पुरेसं नव्हतं म्हणून तो कामाला जायचा, पुणे-नाशिक रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. त्याला तिथं चिकटवलं होतं माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं. तो अवसरीचा, आयटीआय झालेला, तिथला सुपरवायझर. आमच्या गावची सात-आठ माणसं त्यानंच लावली होती. त्यामुळे तो आमच्या घरी आला की सासूबाई पाट मांडायच्या, आणि त्यानं काहीही म्हटलं की सगळे मान हलवायचे. मीही हलवत असे. ते मला आज आठवलं की राग येतो.

शेडमध्ये पॉवर प्रेस होत्या. पत्र्याचा तुकडा हातानं आत ठेवायचा, वरून साचा दणकन खाली येतो आणि पत्रा कापला जातो. त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही एका वेळी दाबली तरच ती चालते. म्हणजे दोन्ही हात बटणावर, आत एकही नाही. कुणीतरी नीट विचार करून केलेली गोष्ट. पण दोन बटणं दाबण्यात वेळ जातो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवलेलं होतं. पुढची जाळी तर काढून शेडच्या मागं टाकलेली. नवऱ्यानं हे मला तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं, हुशारी म्हणून सांगितलं होतं. "एका हातानं पत्रा, एका हातानं बटण. लई सपासप जातं."

अपघाताच्या आधी काही दिवस तो जेवताना म्हणाला, "प्रेस डबल मारती राव."

म्हणजे बटण एकदा दाबलं तरी साचा कधीकधी दोनदा खाली येत होता. दुसऱ्यांदा आपल्या मनानं.

"मग सांग ना पावण्यांना," मी म्हणाले.

"सांगितलं. म्हनले, पुण्याहून मिस्त्री येनार हाये, तवर जरा जपून."

मिस्त्री आला नाही. जपून किती दिवस जपणार? एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी प्रेसनं दुसरा दणका दिला तेव्हा नवऱ्याचा हात कापलेला तुकडा काढायला आत होता.

नणंदेचा नवरा मोटरसायकलवर मला न्यायला आला. "हाताला थोडं लागलंय," एवढंच म्हणाला. सरकारी दवाखाना सोडून एका खासगी डॉक्टरकडं नेलं होतं. नवरा गुंगीत होता. हाताला एवढं मोठं बँडेज की आत किती हात शिल्लक आहे ते कळेना. मी टेबलावरचा केसपेपर उचलला. त्यात लिहिलं होतं, घरी कडबाकुट्टीत हात गेला.

"पावणं, आमच्याकडं कडबाकुट्टी नाहीये," मी म्हणाले.

"वहिनी, जरा हळू बोला." त्यानं मला बाहेर नेलं. "असं लिवलं की पोलीस नको, कोर्ट नको. दवाखान्याचं समदं कंपनी बघती. बरा झाला की हलकं काम देतो त्याला."

"अहो, पण मशीनच नाही आमच्याकडं."

तो गप्प झाला. मला वाटलं, लाजला. तो मनातल्या मनात टेम्पोची व्यवस्था करत होता.

टेम्पो निघून गेल्यावर मी सासूबाईंना म्हणाले, "हे परत पाठवा. उद्या सगळे म्हणतील, ह्यांच्याच मशीनमध्ये हात गेला."

"म्हनू दे." त्या चाकावरून हात फिरवत होत्या. "कोयत्यानं कडबा तोडून माजे खांदे गेले. आन आता काय बोटं परत येनार हायेत का?"

"खोटं आहे ते."

"माजी पोर नांदतीया त्याच्या घरात," त्या माझ्याकडं वळून म्हणाल्या. "त्याची नोकरी गेली तर तिला घराभाईर काढतील ती लोकं. तुला काय, तू भाईरची."

लग्नाला चार वर्षं झाली होती. मी त्या गोठ्यातलं शेण काढत होते, त्यांचे पाय चेपत होते, आणि मी बाहेरची. मी डबा भरला आणि मंचरची एसटी धरली.

दवाखान्यात पोचले तर नवऱ्याच्या डाव्या अंगठ्याला शाई लागलेली. कंपनीचा माणूस येऊन गेला होता. घरी वैरण तोडताना हात गेला, कंपनीचा संबंध नाही, असं टाइप केलेल्या कागदावर त्यानं अंगठा उठवून घेतला होता. दहावी पास माणसाचा अंगठा! उजवा हात बांधलेला, सही करणार कशानं? ज्यांनी हात घालवला त्यांनाच त्याचा असा उपयोग झाला.

"वाचलंस का तरी?" मी विचारलं.

"पावणं उभं व्हतं शेजारी," तो म्हणाला.

मला त्या क्षणी त्याच्या तुटलेल्या हाताची कीव आली नाही. त्या शाईची शिसारी आली.

त्याची सायकल कंपनीतच राहिली होती. ती आणायचं निमित्त करून मी गेले. वॉचमननं ओळखलं आणि आत सोडलं. शेडचं दार उघडंच होतं. त्याच प्रेसवर दुसरा माणूस बसला होता, एका हातानं पत्रा, एका हातानं बटण. पाचर तिथंच. साचा धुऊन घेतला असावा, कारण बाकी सगळं काळं आणि तेवढाच भाग चकचकीत होता. त्या माणसानं मला पाहिलं आणि नजर खाली घातली. आमच्याच आळीतला होता.

ऑफिसच्या भिंतीला एक काचेची चौकट होती. तिच्यावर बँकेचं कॅलेंडर टांगलेलं, म्हणून अर्धीच दिसत होती. मी कॅलेंडर वर उचललं. खाली कारखान्यांच्या कायद्याचा गोषवारा होता, मराठीत. यंत्राला जाळी असली पाहिजे, पिण्याचं पाणी असलं पाहिजे, अपघात झाला की कळवलं पाहिजे, असं ओळीनं छापलेलं. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. काच लावून, खिळा ठोकून ठाऊक होतं. तळाशी कारखाने निरीक्षकाच्या कार्यालयाचा पुण्याचा पत्ता.

"काय पायजे बाई?" कारकुनानं विचारलं.

"तारीख बघतेय," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन पत्ता विसरायच्या आत तळहातावर लिहिला. सायकल ढकलत रस्त्यापर्यंत गेले. घाम फुटला तर शाई पुसेल, म्हणून हँडल एकाच हातानं धरलं होतं.

पत्र मी माहेरी जाऊन लिहिलं. वहीची तीन पानं. पाचर, जाळी, डबल दणका, अंगठा, टेम्पो, सगळं. खाली माझं पूर्ण नाव आणि सासरचा पत्ता. मंचरच्या पोस्टातून रजिस्टर केलं. नवऱ्याला सांगितलं नाही.

महिना-दीड महिना काही झालं नाही. नवरा घरी आला. डाव्या हातानं भाकरी मोडायला शिकत होता आणि मी मदत केली की चिडत होता. हलक्या कामाचं कुणी नाव काढत नव्हतं. मग एका दुपारी दाराशी जीप थांबली. पुढं नणंदेचा नवरा उतरला, चेहरा पांढराफटक, आणि मागून निरीक्षक साहेब. कुणी मोठा न्यायनिवाडा करणारा माणूस असेल असं मला वाटलं होतं. हा पोट सुटलेला, उन्हानं वैतागलेला माणूस होता. तो आधी कंपनीत जाऊन आला होता. तिथं सकाळीच सगळ्या प्रेसना जाळ्या बसल्या होत्या आणि कामगारांना नवे हातमोजे मिळाले होते. कुणीतरी आधीच कळवलं असणार.

"हात कशात गेला?" त्यानं नवऱ्याला विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "घरीच साहेब. वैरण तोडताना."

"मी व्हते ना तिथंच," सासूबाई म्हणाल्या. "रगात लई गेलं."

त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की क्षणभर मलाच ते रक्त दिसलं.

"तुम्ही पत्र लिहिलंय?" त्यानं मला विचारलं. अंगणातले सगळे माझ्याकडं वळले. पत्राची गोष्ट त्यांना तेव्हा कळली.

"हो. मशीन बघा साहेब," मी म्हणाले आणि गोठ्यात गेले. माझा आवाज मोठा निघाला. "ही अपघाताच्या दुसऱ्या दिवशी आली. पात्यावरचं कारखान्याचं ग्रीस बघा, अजून निघालेलं नाही. हिचे पाय जमिनीत गाडलेले नाहीत, नुसते दगडावर टेकवलेत. चाक फिरवा, पडेल ती. सासूबाईंनी हौसेनं ठेवून घेतली, पण अजून एक पेंढी तोडलेली नाही, कारण बसवायला कुणी आलंच नाही."

साहेबानं पात्यावर बोट फिरवलं आणि पिवळं ग्रीस रुमालाला पुसलं. चाकाला हात लावला तशी मशीन डगमगली. तो नणंदेच्या नवऱ्याकडं वळला. "विकत घेतल्याची पावती आहे का?"

तो जीपकडं बघू लागला.

"तुम्ही सही कराल जबाबावर?" साहेबानं मला विचारलं.

"आन मग आमचं तोंड बघू नगंस," सासूबाई म्हणाल्या.

मी सही केली.

पुढचं सगळं रखडत झालं. कंपनीवर खटला झाला, मालकानं गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा गाडीतून आला. जाळ्या मात्र राहिल्या, पाचरी निघाल्या. भरपाई मिळाली ती तारखांवर तारखा होऊन, नव्या शतकात. त्यासाठी नवऱ्याला कोर्टात खरं बोलावं लागलं. ते तो खाली बघत, चोरी कबूल करावी तसा बोलला. मशीन कंपनी घेऊन गेली.

सुपरवायझर मात्र खटल्याच्या आधीच काढला गेला. सगळं त्यानं परस्पर केलं, आम्हाला माहीतच नव्हतं, असं मालकानं लिहून दिलं. त्याच्या घरच्यांनी नणंदेला दोन पोरांसह आमच्या दारात आणून सोडलं. ती दीड वर्ष आमच्याकडं होती. सासूबाई माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. नवरा कामापुरतं बोलायचा. एकदाच म्हणाला, "तू माजी भईन माघारी आनलीस." मी म्हणाले, "मी नाही. मालकानं." तो म्हणाला, "सायबाला पत्र कुनी पाठवलं?" गावात ज्यांची बोटं शाबूत राहिली त्यांच्या बायकाही पाणवठ्यावर मला जागा देत नव्हत्या. मी वाकले नाही. अंगणवाडीत काम धरलं आणि डोकं वर ठेवून चालत राहिले.

पुढं नणंदेचा नवरा शेतीत रमला, नणंद परत नांदायला गेली. बऱ्याच वर्षांनी अवसरीला त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नात आम्ही गेलो. जेवणं झाल्यावर तो माझ्यापाशी आला. केस पिकले होते.

"वहिनी, मीबी नोकरच व्हतो तिथं," तो म्हणाला.

"नोकर तर हेही होते," मी म्हणाले. "त्यांचा अंगठा उठवताना शेजारी कोण उभं होतं?"

तो निघून गेला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माफ करायचं माझ्या मनात नव्हतं आणि आजही नाही.

मी हात धुवायला मांडवामागं गेले तर तिथं नणंद उभी होती. मुलीची पाठवणी व्हायची होती, डोळे सुजलेले. ती सावकाश म्हणाली, "वहिनी, एक इचारू? तुमी पत्र लिवलं तवा बरुबर केलं, मला ठावं हाये. पन लिवायच्या आदी मला का न्हाई सांगितलं? मी आडवलं नसतं. निदान पोरांचे कपडे तरी धड घिऊन निघाले असते."

सासूबाईंना, नवऱ्याला, गावाला, सगळ्यांना द्यायला माझ्याकडं उत्तरं होती, आणि ती मी वर्षानुवर्षं घासून ठेवली होती. तिला द्यायला एकही नव्हतं. पत्र लिहिताना मला ती आठवलीच नव्हती.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पोरीची ओटी भरायला मांडवात गेली.