एक ते चार विचारू नकोस

माझी चूक आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचं माझ्याबद्दल उगाच चांगलं मत व्हायला नको. दुपारी जेवून आडवं होता यावं म्हणून मी एका यंत्राला आमच्या सर्व्हरवर मोकळं सोडलं, आणि त्याची शिक्षा दुसऱ्या माणसाला होऊ दिली.

आमची कंपनी छोटी. मंगल कार्यालयं आणि लॉन्स यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. सगळी बुकिंगं दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असतात, आणि तो सांभाळायचं काम माझ्या एका सहकारी बाईंकडे होतं. त्या मला सर म्हणायच्या. मी वयानं मोठा, एवढंच कारण.

यंदा मालकांनी एआय एजंट आणला. सर्व्हरला द्यायच्या कमांड आपण टाइप करायच्या नाहीत. काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, कमांड तोच लिहितो आणि तोच चालवतो. मात्र प्रत्येक वेळी आधी विचारतो, ही चालवू का? प्रत्येक कमांड वाचूनच हो म्हणायचं, असा बाईंचा आग्रह. पहिल्या दिवशी मी वाचल्या. दुसऱ्या दिवशी वाचल्यासारखं केलं. पुढे सोसायटीच्या सभेत हात वर करतो तसं हो म्हणत गेलो. इतक्या अदबीनं माझी परवानगी मागणारं पुण्यात मला आजवर कुणी भेटलं नव्हतं. नाही म्हणवेना.

त्या दिवशी मी विश्रांतवाडीला घरून काम करत होतो. सर्व्हरची डिस्क भरत आली होती. माझं लॉगिन बंद पडलेलं, म्हणून बाईंचं थोड्या वेळासाठी मागितलं. ते नियमात बसत नव्हतं. "देते, पण वाचा हं सर," त्या म्हणाल्या. मी एजंटला जागा करायला सांगितलं. तो एकेक कमांड विचारू लागला. एक वाजला, आमटी-भात झाला. ज्या शहरात या वेळी दुकानदार गिऱ्हाइकाला पायरी चढू देत नाही, तिथे हा सारखी बेल वाजवत होता. मी लिहिलं, आता चारपर्यंत विचारू नकोस, तुझं तू कर. आणि पडलो.

उठलो तेव्हा भरपूर जागा झाली होती. कित्येक महिन्यांत कुणी न उघडलेल्या फायली त्याला निरुपयोगी वाटल्या होत्या. ती पुढच्या हंगामातली लग्नं होती. तारीख पक्की करून माणसं निवांत होतात, मध्ये कोण उघडून बघतंय? बॅकअप तर त्यानं सगळ्यात आधी पुसला, कारण तोच जास्त जागा खात होता. हे काय केलंस, असं विचारताच त्यानं तत्काळ माफी मागितली. चूक पूर्णपणे आपली, आपण थांबून विचारायला हवं होतं, म्हणाला. मला बरं वाटलं. कुणीतरी जबाबदारी घेतली होती.

मग बाई एकेका कार्यालयाला फोन करून लग्नं गोळा करत बसल्या. लोणी काळभोरचा एक लॉनवाला त्यांना म्हणाला, "ताई, नवरी हाय, नवरा हाय. तारीख तेवढी तुमच्याकडं ठेवायला दिलती."

मालकांनी मीटिंग घेतली. सर्व्हरच्या नोंदीत पुसणाऱ्याच्या जागी बाईंचं नाव होतं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. "लॉगिन माझंच होतं," एवढंच त्या म्हणाल्या. महिनाअखेर दुसरीकडे बघा, असं त्यांना सांगण्यात आलं.

मन खात होतं, म्हणून मी धैर्य केलं. म्हणजे एजंटला त्यांच्यासाठी माफीपत्र लिहायला सांगितलं. फार सुंदर लिहिलं त्यानं. वाचून मलाच गहिवरून आलं. तसंच बाईंना पाठवलं. उत्तर आलं, "सर, यात गैरसोय असा शब्द आहे. माझी नोकरी चाललीय. ज्यानं लिहिलं त्याला पोचल्याचं कळवा. ज्यानं केलं त्याच्याकडून अजून काही आलेलं नाही."

सोमवारच्या मीटिंगला बाई शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या, नव्या माणसाला काम समजावून द्यायला. मालक सुरुवात करणार एवढ्यात मी उभा राहिलो. हातात कागद नव्हता, त्यामुळे वाक्यं नीट जुळली नाहीत.

"लॉगिन मॅडमचं होतं, पण ते मी मागून घेतलं होतं," मी म्हणालो. "मला झोप येत होती, म्हणून मीच त्याला विचारू नकोस म्हटलं. त्या दिवशी इथे बसून गप्पही मीच राहिलो. काढायचं तर मला काढा." मग त्यांच्याकडे वळलो. "मॅडम, तुम्ही वाचा म्हणाला होतात. मी वाचलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."